वॉटर पार्क झालं, आता पुढे काय? मुलाबाळांसकट नाशिकचे तीन दिवस

एप्रिल उजाडला की ठाण्याहून ताईचा फोन येतो, "पोरांना वॉटर पार्कला न्यायचंय, तीन दिवस येतोय." पहिल्या वर्षी मी आनंदाने हो म्हटलं. पार्कात एक दिवस गेला. उरलेले दोन दिवस आम्ही शहराच्या या टोकाकडून त्या टोकाकडे फिरत, पार्किंग शोधत आणि 'अजून किती लांब आहे?' ऐकत काढले. शेवटच्या संध्याकाळी भाऊजी म्हणाले, "नाशिक छान आहे, पण सिग्नलच जास्त बघितले."

तेव्हापासून पाहुणे आले की मी एक नियम पाळते: एका दिवसाला एकच रस्ता.

नाशिकचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मधे गोदावरी आणि जुनं गाव, आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारखे रस्ते फुटलेले. मुंबईचा, त्र्यंबकचा, गंगापूरचा, पुण्याकडे जाणारा सिन्नरचा, निफाडकडे जाणारा संभाजीनगरचा आणि वणीकडे जाणारा दिंडोरीचा. बघण्यासारखं सगळं या आऱ्यांवर आहे. एका आऱ्यावरून दुसऱ्यावर जायचं तर बहुतेक वेळा शहरातून, म्हणजे द्वारका चौकासारख्या ठिकाणांतून जावं लागतं, आणि तिथे अर्धा तास सहज मोडतो. त्यात २०२७ च्या सिंहस्थाची कामं. काल मोकळा असलेला रस्ता आज खोदलेला असू शकतो. म्हणून 'सकाळी सिन्नर, दुपारी त्र्यंबक' हे कागदावर कितीही सोपं दिसलं तरी करू नका.

यायला आपली गाडी असेल तर उत्तम. रेल्वेने येणार असाल तर नाशिकरोड स्टेशन गावापासून आठ-दहा किलोमीटर लांब आहे, हे लक्षात ठेवून मुक्कामाची जागा निवडा. मुंबईहून येणाऱ्यांना २०२५ च्या जूनपासून समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून ठाण्याकडे आमणेपर्यंत पूर्ण खुला झालाय. कसारा घाट टळतो आणि मधला लांबच लांब बोगदा मुलांना पार्काइतकाच आवडतो.

पार्कचा दिवस: मुंबई रस्ता

वॉटर पार्क मुंबई महामार्गावर विल्होळीच्या बाजूला आहे. शक्यतो मंगळवार ते गुरुवारमधला दिवस धरा. मे महिन्यातल्या रविवारी प्रत्येक घसरगुंडीला जिन्याच्या खालपर्यंत रांग असते आणि ती उन्हात असते. आदल्या दिवशी फोन करून चार गोष्टी विचारा: उघडायची वेळ, तिकिटाचा त्या दिवसाचा दर, किती उंचीच्या मुलाला अर्धं तिकीट, आणि कुठल्या खेळांना किती उंची लागते. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत. मग सहा वर्षांचं पोर दादासोबत रांगेत अर्धा तास उभं राहतं आणि वरच्या पायरीवर त्याला परत पाठवतात. तिथे जे रडणं होतं ते दिवसभर पुरतं.

पोहायचे कपडे नायलॉनचे घ्या. सुती कपड्यात पाण्यात सोडत नाहीत, कारण सूत पाणी पिऊन जड होतं आणि घसरगुंडीच्या सांध्यांना अडकतं. तिथे कपडे भाड्याने मिळतात, पण मापाचे मिळतीलच असं नाही. बायकांनी मंगळसूत्र, काचेच्या बांगड्या आणि पैंजण घरीच ठेवावेत. लाटांच्या तलावात हरवलेली वस्तू शोधणं म्हणजे काय, ते आमच्या वहिनींना विचारा. चष्मा असेल तर मागून दोरी बांधा. बाहेरचं खाणं बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत, पण तान्ह्या बाळाचं दूध आणि औषधं सहसा चालतात. ओल्या कपड्यांसाठी एक मोठी प्लास्टिकची पिशवी घ्या आणि गाडीच्या सीटवर टाकायला जुनी चादर. ही चादर मी तीन वर्षं विसरत होते.

आत गेल्यावर पहिला तासभर मोठ्या घसरगुंड्यांना द्या. गर्दी अकरानंतर वाढते. लाटांचा तलाव आणि कृत्रिम पाऊस यांना रांग नसते, ते नंतर. बारा ते तीन या वेळात मुलांना सावलीत बसवा. मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि पाण्यात असताना ऊन लागतंय हे कळत नाही. संध्याकाळी खांदे लाल झाल्यावर कळतं. आणि कृपा करून मिसळ खाऊन थेट घसरगुंडीवर पाठवू नका. एका वर्षी धाकट्या भाच्याला मीच आग्रहाने वाढली होती, तर्रीसकट. पुढचं सांगत नाही.

एक मोठं माणूस 'कोरडं' ठेवा. पिशव्या, चपला, फोन आणि दमून आलेलं पोर यांची जबाबदारी त्याची. आमच्याकडे हे काम भाऊजी आनंदाने घेतात, त्यांना पाण्यात जायचंच नसतं.

साडेचारला बाहेर पडा. बंद व्हायच्या वेळी निघालात तर कपडे बदलायच्या खोल्यांपासून पार्किंगपर्यंत सगळीकडे झुंबड असते. त्या संध्याकाळी काहीही ठरवू नका. वरण-भात, तूप, लिंबू आणि झोप.

पार्काच्या आधी पांडवलेणी

आता माझं आवडतं. पार्काला जाताना महामार्गाच्या कडेला जो त्रिकोणी डोंगर दिसतो, तो त्रिरश्मी, म्हणजे आपली पांडवलेणी. गाडीतून बोट दाखवून लोक पुढे जातात. तसं करू नका. लेणी उघडायची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा आणि उघडताच वर जा. पायथ्यापासून दोनेकशे पायऱ्या आहेत. मुलं पंधरा मिनिटांत चढतात, आपल्याला वीस-पंचवीस लागतात. पुरातत्त्व खात्याचं माफक तिकीट आहे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफ.

क्रम महत्त्वाचा. आधी डोंगर, मग पाणी. घामाघूम होऊन उतरलेलं पोर पार्कात शिरतं तेव्हा त्याला पाण्याची खरी किंमत कळते. उलट क्रमाने, पार्कानंतर डोंगर चढायला तयार झालेलं एकही मूल मी अजून पाहिलेलं नाही.

वर गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, "भीम कुठाय?" भीम नाही. नावात पांडव असले तरी ही बौद्ध भिक्खूंची लेणी आहेत. एकूण २४. सर्वांत जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. पावसाळ्याचे महिने भिक्खू इथे मुक्काम करत. सगळी बघायच्या फंदात पडू नका, मुलं चौथ्यानंतर कंटाळतात. तीनच बघा: ३, १० आणि १८.

तिसऱ्या लेण्यात ओसरीखाली दगडी यक्ष अख्खं लेणं खांद्यावर घेऊन उभे आहेत. मुलांना त्यांच्यासारखे चेहरे करायला सांगा, फोटो झकास येतात. याच लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, गेल्यावर नातवाच्या राज्यात आजीने कोरून घेतलेला. त्यात ती मुलाचं वर्णन करते की त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं होतं. आपल्या पोराचं कौतुक करायची हौस किती जुनी आहे, हे आज्यांना इथे उभं राहूनच सांगावं.

अठरावं लेणं म्हणजे चैत्यगृह. आत स्तूप आहे, आणि हळू आवाजात काही म्हटलं तरी घुमतं. मोठ्याने ओरडायला मुलांना सांगावं लागत नाही, गप्प बसायला सांगावं लागतं.

दहाव्या लेण्यात मात्र थोडा वेळ थांबा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने हे लेणं कोरवून दिलं. इथल्या एका लेखात चक्क मुदत ठेवीचा हिशेब आहे. उषवदाताने गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे आजच्या भाषेत संघांकडे, पैसे ठेवले. एकीकडे २००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. मोठ्या ठेवीच्या व्याजातून इथे पावसाळा काढणाऱ्या २० भिक्खूंना कपड्यांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण.

मी सातवीतल्या भाच्याला विचारलं, "पुरतात का रे?" तो जमिनीवर बसला, बोटं मोडली. दोन हजारावर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. वीस जणांना बारा-बारा म्हणजे... दोनशे चाळीस! "मावशी, बरोब्बर जुळतंय गं!" सरळव्याजाचं गणित शाळेत रडतखडत करणारा हा पोरगा दोन हजार वर्षांपूर्वीचा ताळेबंद तपासून उठला. मग स्वतःहून म्हणाला, "आणि दुसरीचे नव्वद." बरोबर, साडेसात गुणिले बारा.

हिशेबातलं गोवर्धन हे गावाचं नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मुलं आठ वर्षांखालची असतील किंवा सोबत गुडघेदुखीवाले असतील तर वर जाऊ नका. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आणि त्याला लागूनच बुद्ध स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या फाळक्यांनी १९१३ मध्ये भारतातला पहिला पूर्ण लांबीचा मूकपट पडद्यावर आणला, एवढं नातवंडांना सांगून मोकळं व्हा. बाकी वेळ हिरवळीवर आणि बुद्ध स्मारकाच्या घुमटाखाली जातो. शेजारी नेहरू वनोद्यानही आहे, झाडांची सावली हवी असेल तर.

खाली उतरून पाथर्डी फाट्यावर पोहे-उपमा असं हलकं काहीतरी खा आणि साडेदहाला पार्काच्या दारात हजर. मिसळ उद्या.

दुसरा दिवस: गंगापूर रस्ता की त्र्यंबक रस्ता?

अंग दुखत असतं, म्हणून दुसरा दिवस सैल ठेवावा. मोठ्यांना निवांतपणा हवा असेल तर गंगापूर रस्ता, देवदर्शन हवं असेल तर त्र्यंबक. दोन्ही एका दिवसात करायला जातात ते देवळाच्या रांगेत अडकतात आणि गंगापूरला अंधार पडल्यावर पोचतात.

गंगापूर रस्त्याची सुरुवात मिसळीने. या बाजूला मोकळ्या मळ्यांत, चुलीवर शिजवलेली मिसळ देणारी ठिकाणं आहेत आणि बहुतेक ठिकाणी झोपाळे, घसरगुंडी, बैलगाडी असं काहीबाही असतं. मोठ्यांच्या दोन वाट्या रस्सा होईपर्यंत मुलं तिथे रमतात. नाशिकची मिसळ पापड आणि दह्यासोबत येते. मुलांसाठी रस्सा वेगळा मागा, मटकीवर दही घालून द्या आणि वर जिलेबी. रविवारी साडेनऊनंतर गेलात तर नाव लिहून तासभर बसायची तयारी ठेवा. आठला जा.

पुढे आनंदवल्लीत नवश्या गणपती आहे, नदीच्या काठावर, फार गर्दी नसलेला. राघोबादादा आणि आनंदीबाईंचं इथलं वास्तव्य गावाच्या नावातच राहिलंय. मग सोमेश्वर. पावसाळ्यात त्याच्याजवळचा धबधबा, ज्याला नाशिककर दूधसागर म्हणतात, दुधासारखा फेसाळतो. बघायला सुंदर, उतरायला वाईट. खडक शेवाळलेले असतात आणि धरणातून पाणी सोडलं की पातळी बघता बघता वाढते. मुलांचा हात धरून वरूनच बघा. 'जरा पाय ओले करूया' म्हणणाऱ्या हौशी काकांचाही हात धरा.

आणि मग रस्त्यावर पाटी दिसते: गोवर्धन. मी काही बोलले नव्हते. मागच्या सीटवरून भाचाच ओरडला, "मावशी, ते विणकर इथलेच!" दोन हजार वर्षांत गावाने नाव सोडलेलं नाही. पोरांना इतिहास शिकवायला मला यापेक्षा सोपी युक्ती सापडलेली नाही. आदल्या दिवशी दगडावर ऐकलेलं नाव दुसऱ्या दिवशी पाटीवर दाखवायचं, बस्स.

गंगापूर धरण मातीचं आहे. मुलांचा त्यावर विश्वास बसत नाही, "पाण्याने विरघळत नाही का?" उत्तर तयार ठेवा: पोटात घट्ट दाबलेली चिकणमाती, जिच्यातून पाणी झिरपत नाही, आणि बाहेरून दगडांचं अस्तर. जलाशयावर बोट क्लब आहे. बोटी चालू आहेत की नाही हे वाऱ्यावर आणि पाण्याच्या पातळीवर ठरतं, म्हणून आधी फोन करा. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं नसेल तर बोटीत बसवू नका, कितीही हट्ट करू देत.

वाइनरी याच बाजूला आहेत. 'मुलांना घेऊन वाइनरी?' असं सासूबाईंनी विचारलं होतं. द्राक्षांचे मळे बघायला, टेकडीवरून मावळतीकडे बघत बसायला आणि पिझ्झा खायला हरकत काहीच नाही. चाखण्याचा कार्यक्रम मोठ्यांचा, मुलांना तिथे प्रवेश नाही, आणि गाडी चालवणाऱ्यानेही त्यात पडू नये. शनिवार-रविवार प्रवेशाला पैसे आणि गर्दी दोन्ही जास्त. जानेवारी ते मार्चमध्ये आलात तर वेलींवर घड लगडलेले दिसतील. मेमध्ये वेली छाटलेल्या असतात. घड बघायला आलेलं पोर काटक्या बघून परततं, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

त्र्यंबकचा पर्याय निवडलात तर घरातून पहाटे निघा. अंतर तिसेक किलोमीटर. श्रावण, सोमवार आणि सुट्ट्या टाळा. लहान मुलांना घेऊन चार-पाच तास रांगेत उभं राहण्यात कुणाचंच पुण्य नाही. नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं काळ्या दगडाचं देऊळ, मग कुशावर्त, आणि मागे ब्रह्मगिरी, जिथे आपली गोदावरी उगम पावते. ब्रह्मगिरीची चढण लहान मुलांसाठी नाही, खालूनच दाखवा. माकडं हातातली पिशवी ओढतात, त्यामुळे प्रसाद पिशवीच्या तळाशी.

परतताना अंजनेरीला थांबा. हनुमानाचं जन्मस्थान मानला जाणारा डोंगर डाव्या-उजव्या बाजूला शोधण्यापेक्षा तो आधी चालकाला माहीत असू द्या, आम्ही एकदा पुढे निघून गेलो होतो. पण मी थांबा म्हणतेय ते डोंगरासाठी नाही, पायथ्याच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेसाठी. १९८० साली सुरू झालेल्या या संस्थेत नाण्यांचं संग्रहालय आहे. आधी फोन करून वेळ विचारा. पांडवलेणीत कार्षापण हा शब्द ऐकलेल्या मुलाला नाणं म्हणजे काय, ते कसं पाडत, हे इथे उमगतं. आणि गोष्ट सांगायची तर ही सांगा: १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावात १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. म्हणजे शत्रूला हरवलं, पण त्याची नाणी वितळवत बसला नाही, त्यांच्यावरच आपलं नाव टाकलं. दहाव्या लेण्यातला सासरा आणि तिसऱ्या लेण्यातला मुलगा, दोघांचं भांडण एका नाण्यावर. भाचा म्हणाला, "म्हणजे दुसऱ्याच्या वहीवर आपलं लेबल चिकटवलं." अगदी तेच.

तिसरा दिवस: ऊन असेल तर सिन्नर, थंडी असेल तर नांदूर

उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी छप्पर हवं. त्यासाठी पुणे रस्त्याने तीसेक किलोमीटरवरचं सिन्नर. इथल्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत गारगोटी नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. नाव ऐकून मुलं नाक मुरडतात, 'दगड बघायला?' आत गेल्यावर गप्प होतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर पसरले. तो थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या पोकळ्या राहिल्या. त्यात खनिजं मिसळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि हळूहळू स्फटिक वाढले. हिरवा अपोफिलाइट, मोरपिसासारखा पसरलेला स्टिल्बाइट. विहीर खणताना, कारखान्याचा पाया खोदताना असे दगड निघतात, आणि एरवी ते खडीच्या यंत्रात जातात. तिकीट थोडं महाग वाटेल. माझ्या मते पैसे वसूल आहेत, पण पाच वर्षांखालच्या मुलाला नेऊ नका. काचेला हात लावू नको, हेच तासभर सांगत बसाल.

सिन्नर गावातच गोंदेश्वराचं देऊळ आहे. यादवकालीन, मधे महादेव आणि चारी कोपऱ्यांत चार छोटी देवळं. गर्दी नसते, पैसे पडत नाहीत, आणि मोठं मोकळं आवार असल्यामुळे लपाछपी खेळता येते. सकाळी लवकर आधी देऊळ, दगड तापायच्या आत. दुपारी अनवाणी चालवत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आलात तर सिन्नर सोडा आणि निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर गाठा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा घातला, गाळ साठून उथळ पाणी पसरलं आणि पाखरं आली. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा. चापडगावच्या बाजूने जा, सूर्य उगवायच्या वेळी. गावातली मुलंच वाटाडे म्हणून येतात, दुर्बिणी देतात आणि वारकरी, शेकाट्या, चक्रवाक, जांभळी पाणकोंबडी अशी नावं भराभर सांगतात. त्यांचे पैसे देताना घासाघीस करू नका. स्वेटर हवाच, निफाडची थंडी पेपरात येते ती उगीच नाही.

सोबत आजी असतील आणि त्यांचा जीव सप्तशृंगीत अडकला असेल, तर वणीचा गड साठेक किलोमीटरवर आहे. पायऱ्या चढायला नको म्हणून ट्रॉली आहे. रुळावरून डोंगराला चिकटून वर जाणारा हा डबा मुलांना खेळच वाटतो. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात मात्र नाव काढू नका.

संध्याकाळ: पंचवटी पायी

एक संध्याकाळ गोदाघाटाला द्याच, पण गाडी न नेता. गाडी मुक्कामी ठेवा, रिक्षाने रविवार कारंज्यापर्यंत या आणि पुढे चाला. गल्ल्या अरुंद आहेत, रामकुंडाजवळ गाडी लावायला जागा शोधण्यात आरती निघून जाते.

रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती आहे. नाशिककरांचं पूर मोजायचं यंत्र. पाऊस लागला की आम्ही धरणाच्या विसर्गाचे आकडे नंतर विचारतो, आधी विचारतो 'मारुतीच्या कुठवर आलं?' गुडघ्याला, कमरेला, छातीला. मुलांना त्याच्याशेजारी उभं करून त्यांची उंची कुठे येते ते दाखवा, म्हणजे पूर म्हणजे काय ते कळतं. समोरच नारोशंकराच्या देवळाची प्रचंड घंटा. वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून मिळालेली. घरात मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसाला जुने लोक नारोशंकराची घंटा म्हणायचे. आमच्याकडे ही पदवी कुणाकडे आहे ते लिहीत नाही.

सीता गुंफेत बसून, वाकून जावं लागतं. मुलांना मजा येते, पोट सुटलेल्यांना नाही, आणि बंद जागेची भीती असलेल्यांनी बाहेरच थांबावं. काळाराम मंदिरात जाल तेव्हा एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच दारापाशी सत्याग्रह सुरू झाला, कारण अस्पृश्य मानलेल्या लोकांना आत पाऊल टाकू देत नव्हते. भाचीने विचारलं होतं, "पण देव तर सगळ्यांचा ना?" तिला उत्तर मी दिलं नाही, दाराकडे बोट दाखवलं.

बुधवार असेल तर घाटावर आठवडे बाजार भरतो. पाटा-वरवंट्यापासून विळ्यापर्यंत सगळं. भांडी बाजारात तांब्याचा लहानसा गडू घ्यायचा असेल तर इथेच, पण भाव दोन दुकानांत विचारून.

निघताना

तिसऱ्या दिवशी परतणार असाल आणि तो रविवार असेल, तर दुपारी दोनच्या आत नाशिक सोडा. चारनंतर सगळी मुंबई एकदम परतीला लागते. साबुदाणा वडा आदल्या संध्याकाळीच खाऊन घ्या, निघायच्या गडबडीत गावात शिरू नका. मुलांचे पार्कातले ओले कपडे अजून त्या प्लास्टिकच्या पिशवीतच आहेत का, ते बघा. हमखास असतात, आणि तीन दिवसांनी त्यांना जो वास येतो तो गाडीतून आठवडाभर जात नाही. आणि नातेवाइकांना वाटायला घेतलेला चिवडा डिकीत ठेवा, सीटजवळ नको. सीटजवळ ठेवलेला चिवडा घोटीच्या पुढे गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.